माहिती आयोगाने माझ्या अपरोक्ष दुसरं अपील निकाली काढलं, आता कोर्टात जायचं तर नक्की कुठे?

कोरडा_नळ
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गावात जलजीवन मिशनमधून २०२१-२२ ला नळपाणी योजनेचं काम झालं. मेन लाईनला ११० एमएमचा पाईप आणि मीटरभर खोल चर असं अंदाजपत्रकात आहे, ते मी ग्रामपंचायतीत स्वतः बघितलंय. नंतर आमच्या आळीत गटारीसाठी जेसीबी लावला तर फूटभरावरच पाईप निघाला आणि तो पण ६३ चा. बिल मात्र पूर्ण निघालेलं. म्हणून मार्च २०२३ मध्ये तालुक्याच्या कार्यालयात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला की या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे एमबीची, प्रत द्या. एवढंच मागितलं, जास्त काही नाही.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं, "सदर अभिलेख शोध घेतला असता आढळून येत नाही." वर्षाचं काम आणि पुस्तक गायब! २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं, अपिलीय अधिकाऱ्यांनी १५ दिवसात शोधून द्या असा आदेश केला, कुणी काही शोधलं नाही. सप्टेंबर २०२३ ला आयोगाकडे दुसरं अपील. मग नुसती वाट. आणि आता जानेवारीत थेट आदेश आला घरी, सुनावणी होऊन गेलेली. आदेशात कामाचं असं तीनच ओळी आहेत: अपीलार्थी गैरहजर, जन माहिती अधिकारी हजर, माहिती उपलब्ध नसल्याचे त्यांनी कळविले आहे, सबब अपील निकाली काढण्यात येत आहे.

आता प्रश्न. तालुक्याच्या कोर्टात दावा लावता येतो का? की जिल्हा कोर्टात अपील? गावातला एक जण म्हणतो आयोगाच्या वर कुणीच नसतं, संपलं. दुसरा म्हणतो सुप्रीम कोर्ट. मी शेती करतो आणि छोटं पाईप फिटिंगचं दुकान आहे (म्हणून तर ६३ आणि ११० डोळ्याला कळतो), वकिलाला लाखभर घालायची ऐपत नाही. जिल्हा मुद्दाम सांगत नाही, पण कोल्हापूरला नवीन झालेल्या बेंचखाली येणाऱ्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे.

खडूस_आण्णा
ग्राहक कोर्टात टाका. १० रुपये फी भरलीत म्हणजे तुम्ही ग्राहक, सेवा दिली नाही म्हणजे सेवेत त्रुटी, नुकसानभरपाई मिळते. माझ्या मित्राने केलेलं असं.

बाकी शुद्धलेखनाचं सांगतो राग नको, अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर, पाठीमागे म्हणजे परोक्ष. तुमच्या शीर्षकाचा अर्थ उलटा होतोय.

सोमवार_तीन_ते_पाच
@खडूस_आण्णा मित्राने २०१५ च्या आधी केलं असेल. त्या वर्षी राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने सांगून टाकलंय की माहिती मागणारा हा ग्राहक नाही, तो दरवाजा बंद. नवीन माणसाला असं काही सांगू नका हो, बिचारा अजून सहा महिने तिकडे घालवेल.

खडूस_आण्णा
बरं बरं. परोक्षचं तरी बरोबर आहे.

वकीलबाई_दुपारच्या
कोरडा_नळ दादा, दुपारच्या सुट्टीत लिहितेय, तुकड्या तुकड्यात येईल.

आधी रस्ता कुठला ते. तालुका कोर्ट नाही, जिल्हा कोर्ट नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम २३ वाचा, या कायद्याखालच्या आदेशाविरुद्ध कुठल्याही कोर्टाने दावा, अर्ज काही घ्यायचा नाही, अपील फक्त या कायद्यात सांगितलंय तेवढंच असं त्यात आहे. आणि कायद्यात अपिलं दोनच, कलम १९(१) चं पहिलं आणि १९(३) चं दुसरं. तुमची दोन्ही झाली. म्हणून गावातला तो माणूस म्हणतो संपलं, आणि कायदा नुसता वाचला तर त्याचं चुकत पण नाही.

पण हायकोर्टाचा रिटचा अधिकार, म्हणजे सरकारी यंत्रणेला थेट आदेश द्यायचा अधिकार, संविधानाने दिलेला आहे, अनुच्छेद २२६ आणि २२७, तो साध्या कायद्यातल्या कलमाने काढून घेता येत नाही. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी १९९७ ला एल. चंद्रकुमारच्या निकालात सांगितलंय की हा संविधानाच्या मूळ चौकटीचा भाग आहे. म्हणजे तुम्ही जाणार ते हायकोर्टात, रिट पिटीशन घेऊन. तुमचे सहा जिल्हे म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, त्यांच्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. आधी याच कामासाठी पहाटेची गाडी पकडून मुंबईला फोर्टात उतरायला लागायचं.

आता जे सगळ्यांना सांगून सांगून माझा घसा बसलाय ते. रिट म्हणजे तिसरं अपील नव्हे. तुम्ही "मी तर हायकोर्टात अपील केलंय" असं गावात सांगाल पण कोर्ट तिथे एमबी आहे का नाही, पाईप ६३ चा का ११० चा, हे बघत बसणार नाही. कोर्ट बघतं आयोगाने निर्णय कसा घेतला. तुम्हाला ऐकून घेतलं का, आदेशात कारणं दिली का, कायद्याने दिलेलं काम केलं का. यात आयोग चुकलाय असं वाटलं तर बहुतेक वेळा आदेश रद्द करून प्रकरण परत आयोगाकडे पाठवतात, पुन्हा ऐका म्हणून. म्हणजे जिंकलात तरी हातात एमबी नाही पडत, हातात पडते नवीन सुनावणीची तारीख. हे डोक्यात पक्कं ठेवूनच पुढे काय ते ठरवा.

मला दोन गोष्टी सांगा. सुनावणीची नोटीस तुम्हाला आली होती का, आली तर कधी? आणि आदेशाची तारीख काय, तुमच्या हातात कधी पडला?

कोरडा_नळ
ताई खूप आभार. तुम्ही विचारल्यावर पेटीतनं सगळे कागद काढले. नोटीस आली होती, पण गंमत बघा. सुनावणी ८ जानेवारीला सकाळी ११ वाजता. नोटिशीवर तारीख २६ डिसेंबर टाकलीय. पण पाकिटावर पोस्टाचा जो गोल शिक्का आहे तो आयोगाच्या गावच्या पोस्टाचा, ९ जानेवारीचा! आणि पाठीमागे आमच्या पोस्टाचा शिक्का १२ जानेवारी. म्हणजे सुनावणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी नोटीस टपालात पडली. मी तेव्हा म्हटलं चला उशीर झाला, आपलंच नशीब फुटकं, आणि पाकीट फेकणारच होतो पण बायकोने त्यात लाईट बिलं ठेवली म्हणून वाचलं.

आदेशावर ८ जानेवारीच आहे, मला मिळाला २९ ला.

आणि @खडूस_आण्णा शीर्षक बदलता येत नाहीये, पण तसं बघितलं तर अर्थ बरोबरच आहे, डोळ्यांसमोरच काढलं निकाली.

वकीलबाई_दुपारच्या
दादा ते पाकीट तुमच्या सगळ्या केसपेक्षा मोठं आहे. वहिनींना माझा नमस्कार सांगा.

नैसर्गिक न्यायाचं पहिलं तत्त्व काय, ऐकल्याशिवाय निकाल नाही. सुनावणीनंतर टपालात पडलेली नोटीस ही नोटीसच नव्हे. आणि आदेशात लिहिलंय "अपीलार्थी गैरहजर", जणू काय तुम्ही बोलावून आला नाहीत. पिटीशनमधला पहिला मुद्दा हाच, आणि तो वादाचा नाही, पोस्टाचा शिक्का कुणाची बाजू घेत नाही.

दुसरा मुद्दा, कलम १९(५). माहिती नाकारली तर ते नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे, तुमची नाही. आयोगाने "त्यांनी कळविले" एवढ्यावर मान डोलावली. कुठे शोधलं, कुणी शोधलं, पुस्तक कुणाच्या ताब्यात होतं, काही विचारलं नाही. दिल्ली हायकोर्टाचा २०१३ चा भांबूरकर निकाल आहे, रेकॉर्ड सापडत नाही एवढं म्हणून सुटता येत नाही, शोध घ्यायलाच हवा आणि आयोग चौकशी लावू शकतो. आपल्या हायकोर्टावर तो बंधनकारक नाही पण दाखवता येतो. शिवाय आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहेच, बेकायदा रेकॉर्ड नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. एमबी खरंच हरवली असेल तर तक्रार कुणी दिली? हा एक प्रश्न विचारला की बरीच हरवलेली पुस्तकं सापडतात, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

तिसरं, तीन ओळींचा आदेश. कारणं नाहीत तर तो आदेश टिकायला अवघड.

पण रिटच्या आधी एक स्वस्तातलं करून बघा. आयोगाला स्वतःच्या आदेशाचा फेरविचार करायचा अधिकार कायद्याने दिलेला नाही. केंद्रीय आयोगाने स्वतःच नियम करून तशी सोय केली होती, दिल्ली हायकोर्टाने २०१० मध्ये ते नियमच रद्द केले. त्यामुळे "फेरविचार अर्ज" असं वरती लिहिलंत तर कारकूनच परत पाठवेल. पण आदेश चुकीचा आहे म्हणून फेरविचार मागणं वेगळं, आणि मला नोटीसच मिळाली नाही म्हणून एकतर्फी आदेश मागे घ्या म्हणणं वेगळं. हा फरक सुप्रीम कोर्टाने १९८० च्या ग्रिंडलेज बँकेच्या निकालात मान्य केलाय, ते प्रकरण कामगार न्यायाधिकरणाचं होतं पण तत्त्व तेच. तर अर्जाचा मथळा "एकतर्फी आदेश मागे घेऊन प्रकरण पुन्हा सुनावणीस घेणेबाबत" असा द्या, पाकिटाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा, स्पीड पोस्टाने पाठवा. अर्ज एका पानाचा, रागाचा एक शब्द नको. आणि त्याच्या भरवशावर वर्ष काढू नका. रिटला अशी ठरलेली मुदत नाही, पण उशीर का केला हे कोर्ट विचारतंच, मी माझ्या पक्षकारांना तीन महिन्यांच्या आत या म्हणते.

रेकॉर्डरूमचा_उंदीर
मी ३१ वर्षं बांधकाम खात्यात आणि मग जिल्हा परिषदेत कारकुनी केली, आता निवृत्त. वकीलबाईंचं सगळं बरोबर आहे पण मला एक कळेना, तुम्ही एमबी तालुक्याला का मागताय?

एमबी काय तालुक्यात बसून राहत नाही हो. शाखा अभियंता जागेवर मोजमापं लिहितो, उपअभियंता तपासून सही करतो, मग ती बिलाबरोबर वर विभागाला जाते कार्यकारी अभियंत्याकडे, तिथे लेखा शाखेत बिल तपासलं जातं, पैसे निघतात. चालू बिल असेल तर परत खाली येते, अंतिम बिल झालं की वरच पडून राहते किंवा ऑडिटवाल्यांच्या टेबलावर. म्हणजे खालचा अधिकारी आढळून येत नाही म्हणतो ते कदाचित खरं पण असेल, त्याच्याकडे नसेलच. पण मग त्याने तुमचा अर्ज कलम ६(३) खाली पाच दिवसात वर पाठवायला हवा होता. नाही पाठवला. यात त्याची लबाडी का आळस ते देवालाच ठाऊक, मी दोन्ही बघितलेत, आळस जास्त.

आणि एमबी हे काही सुटं कागद नाही. प्रत्येक पुस्तकाला नंबर असतो, पानांना छापील नंबर असतात, पान फाडायचं नसतं, चुकलं तर रेघ मारून सही करायची. कुठलं पुस्तक कुठल्या अभियंत्याला कधी दिलं याची एक वेगळी नोंदवही असते. ती नोंदवही मागा. एमबी हरवली म्हणतील, नोंदवही पण हरवली म्हणायला जीभ जरा अडखळते. शिवाय बिलावर एमबी नंबर आणि पान नंबर लिहिलेला असतो. म्हणजे नवीन अर्ज असा करा, विभागीय कार्यालयाला, (१) अमुक कामाच्या अंतिम देयकाची प्रत (२) मोजमाप पुस्तिका वाटप नोंदवहीतल्या संबंधित पानाची प्रत (३) देयकात नमूद एमबीची प्रत (४) एमबी नष्ट केली असल्यास नाश नोंदवहीची प्रत. एकच विषय ठेवा आणि दीडशे शब्दांच्या आत बसवा, आपल्या राज्याच्या नियमात तशी अट आहे आणि शब्द मोजून अर्ज परत करणारे महाभाग असतात. दोन रुपये पान, फार तर चाळीस पन्नास रुपयाचं काम.

हायकोर्टाआधी हे करा. कोर्टातनं आयोग, आयोगाकडनं परत तालुका, आणि तालुक्यात पुस्तक नाहीच, मग काय मिळवलं?

सोमवार_तीन_ते_पाच
काका जबरदस्त. यात माझी एक भर, माझं नावच त्यावरून आहे. २६ नोव्हेंबर २०१८ चा जीआर आहे, जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं. जीआरची प्रत खिशात घेऊन जायची, कारण निम्म्या ठिकाणी "असं काही नसतं" हेच ऐकायला मिळतं. मी गेलो तेव्हा पहिल्या सोमवारी साहेब मीटिंगला, दुसऱ्या सोमवारी चावी असणारा शिपाई रजेवर, तिसऱ्या सोमवारी फाईल टेबलावर. तीन सोमवार गेले, अपिलाला अडीच वर्षं गेली असती. बघून घ्या, पान नंबर टिपून घ्या, मग अर्जात नेमकं तेच पान मागा.

तुटका_सायलेन्सर
मी या वाटेने गेलोय म्हणून सांगतो, दुसऱ्या खात्यातलं होतं रस्त्याच्या कामाचं. आयोगाने मला पण असाच उडवला होता, मी हायकोर्टात गेलो, वकील केला, फी टायपिंग आणि भाषांतर सगळं मिळून चाळीसएक हजार गेले. भाषांतर कशाला विचाराल तर हायकोर्टाचं काम इंग्रजीत, तुमचे सगळे मराठी कागद इंग्रजीत करून जोडायला लागतात, अर्ज, उत्तर, आदेश सगळं, "सबब निकाली" चं इंग्रजी करून घ्यायला मी पैसे मोजलेत. दीड वर्षाने नंबर लागला, माझे वकील उभे राहिले, समोरच्या सरकारी वकिलांनी पण फार ताणलं नाही, पाच सात मिनिटात आदेश रद्द, परत आयोगाकडे, सहा महिन्यात निकाल द्या. मी बाहेर येऊन वकिलांना विचारलं जिंकलो का, ते म्हणाले हो जिंकलो, मी म्हटलं मग कागद कुठाय. तेव्हा त्यांनी हे सगळं मला समजावलं जे ताई तुम्हाला आधी फुकट सांगतायत.

पुन्हा सुनावणीत मात्र फरक पडला, हायकोर्टाचा आदेश समोर असल्यावर आयोगाने अधिकाऱ्याला नीट धारेवर धरलं आणि पंधरा दिवसात कागद आले. म्हणजे वाया नाही गेलं. पण तोपर्यंत त्या रस्त्यावर दुसरा रस्ता झाला होता.

कोरडा_नळ
हे वाचून पोटात गोळा आला. वकील न करता मी स्वतः उभा राहू शकतो का? आणि असं ऐकलंय की बायकांना सरकारी वकील फुकट मिळतो. मग रिट बायकोच्या नावाने टाकली तर?

वकीलबाई_दुपारच्या
हसले दादा, पण प्रश्न चांगला आहे. रिट तुमचीच, कारण अर्जदार तुम्ही, अपील तुमचं, आदेश तुमच्याविरुद्ध. वहिनींचा त्यात हक्क कुठला डावलला? पाकीट सांभाळलं तेवढा सोडून.

पण मोफत विधी सेवा तुम्हाला पण मिळू शकते. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती जमाती, अपंग यांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढा आणि हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेलात तरी पुढचं सांगतील.

स्वतः उभं राहता येतं. पण मुंबई हायकोर्टाचे त्यासाठी नियम आहेत, रजिस्ट्रीतल्या अधिकाऱ्यांच्या समितीपुढे आधी जावं लागतं, ते तुमचे कागद बघतात, तुमच्याशी बोलतात, आणि हा माणूस कोर्टाला मदत होईल असं मांडू शकतो असा दाखला देतात. घाबरायचं कारण नाही, पण पाईपवर तासभर बोललात तर दाखला मिळायचा नाही. पाकीट, कलम १९(५), आणि आता काकांनी दिलेलं कलम ६(३), हे तीन बोलायचं आणि गप्प बसायचं.

आणि @रेकॉर्डरूमचा_उंदीर काका, तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे, मी पण हेच करायला सांगेन, नवीन अर्ज आधी. फक्त एक, नवीन अर्ज चालू आहे म्हणून जुना आदेश तसाच सोडून देऊ नये. उद्या विभागानेही नाही सापडत म्हटलं तर आयोगाचा हाच आदेश पुढे करतील, की आयोगाने मान्य केलंय माहिती उपलब्ध नाही. म्हणून मागे घेण्याचा अर्ज या आठवड्यात जाऊ दे, सोबत नवीन अर्ज पण. तीस दिवसात काय येतं बघू, मग रिटचं ठरवा, तरी तीन महिन्यांच्या आत राहता.

चार्जर_हरवला
ताई एक शंका. कलम १८ ची तक्रार का नाही करायची? त्यात अपिलाची भानगडच नाही, थेट आयोगाकडे.

वकीलबाई_दुपारच्या
करता येते, पण तक्रारीत माहिती मिळत नाही. मणिपूर राज्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०११ मध्ये स्पष्ट केलंय, कलम १८ खाली आयोग चौकशी करून दंड लावू शकतो, माहिती द्या असा आदेश करू शकत नाही, त्यासाठी कलम १९ चं अपीलच हवं. दंड म्हणजे रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, तो अधिकाऱ्याच्या खिशातून सरकारजमा होतो, अर्जदाराला दमडी नाही. लोकांना दंडात फार रस असतो. मी विचारते तुम्हाला कागद पाहिजे का त्याची जिरवायची? दोन्ही असेल तरी आधी कागद.

मीटर_फास्ट
जरा विषय सोडून, माझं वीजदरावरून वीज नियामक आयोगाच्या आदेशाचं आहे, मी पण रिटच करायची का?

वकीलबाई_दुपारच्या
नाही नाही, प्रत्येक आयोगाचा रस्ता वेगळा, हीच तर गोची आहे. वीज नियामक आयोगाच्या आदेशावर विद्युत कायदा २००३ च्या कलम १११ खाली दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसात अपील, त्यावर सुप्रीम कोर्ट. राज्य ग्राहक आयोगाचा निकाल असेल तर राष्ट्रीय आयोग, ३० दिवस. कायद्यात अपील दिलेलं असताना थेट रिट टाकली तर हायकोर्ट साधारणपणे आधी तिकडे जा म्हणतं. माहिती आयोगाच्या वर कायद्याने काही ठेवलंच नाही म्हणून इथे रिट. तुम्ही वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

रेकॉर्डरूमचा_उंदीर
नळवाले दादा, अर्जात कामाचं नाव प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात आहे तसंच्या तसं लिहा, काना मात्रा वेलांटीसकट. "आमच्या गावची पाणी योजना" असं लिहिलंत की "माहिती सुस्पष्ट नाही" हे उत्तर तयार असतं, मीच किती लिहिलीयत ती उत्तरं, पाप आहे डोक्यावर. मान्यतेच्या आदेशाची प्रत ग्रामसेवकाकडे असते.

कोरडा_नळ
सगळ्यांना अपडेट. आज सकाळी ग्रामसेवकांकडनं प्रशासकीय मान्यतेची प्रत घेतली, नाव साडेतीन ओळींचं आहे काका, जसंच्या तसं उतरवलं. १४६ शब्द झाले, दोनदा मोजले, मुलीने परत मोजले. विभागाला नवीन अर्ज आणि आयोगाला आदेश मागे घ्यायचा अर्ज, दोन्ही स्पीड पोस्टाने टाकले. पोस्टातल्या ताईंना म्हटलं शिक्का जरा ठळक मारा, त्यांनी विचारलं का, मी म्हटलं मोठी गोष्ट आहे. सोमवारी विभागात पण जाणार आहे, जीआर छापून घेतलाय.

एक विचारायचं राहिलं. ते पाकीट जुनं होतंय, शाई पण पुसट व्हायला लागलीय, लॅमिनेशन करून ठेवू का? आमच्या शेजारच्या दुकानात वीस रुपयात करतो.

वकीलबाई_दुपारच्या
अजिबात नको!! गरम मशीनमधनं काढून शाई उडाली तर काय दाखवणार. आज दोन्ही बाजूंचे उजेडात स्पष्ट फोटो काढा, रंगीत झेरॉक्स काढा, आणि मूळ पाकीट वहिनींकडे द्या, लाईट बिलात.